तिपेडी

सावद्याच्या ओट्यावर बसून बाप
केळीच्या सोपटाचा दोर वळायचा.
तीन पेड, एक टोक पायाच्या अंगठ्यात,
तळहातांची घासघास.
माझा पाय प्लास्टरमध्ये,
म्हणून मी त्याची जागची न हलणारी प्रेक्षक.

बारा वर्षांत अकरा वेळा मोडले.
एकदा तर शिंकून. खरंच, शिंकून. बरगडी.
आई दुधात अंड्याचं टरफल वाटून द्यायची,
पानाचा चुना गुळाच्या खड्यात लपवून.
गल्ली म्हणाली, पोरीत चुना कमी.
फैजपूरचा हाडवैद्य म्हणाला, नजर.
शाळेतल्या बाईंनी बापाला एकट्यालाच बोलावलं,
दार लोटून विचारलं, हिला मारता का हो?
त्या दिवशी तो परत आला
आणि दोराला हात लावला नाही.

जळगावच्या अत्तरदे डॉक्टरांनी
आधी माझी पापणी ओढून पाहिली,
मग, न विचारता, बापाची.
डोळ्यांतलं पांढरं निळं आहे, म्हणाले, दोघांचंही.
आम्ही इतकी वर्षं त्याला देखणेपण समजत होतो.

चुना भरपूर आहे. काडी खोटी आहे.
धाब्याला माती घालताना भुसा कालवता ना?
नुसत्या मातीला तडे जातात.
हाडातली काडी म्हणजे दोरच, तोही तिपेडी,
आणि त्यात दर तिसरा मणी सगळ्यात बारका लागतो,
तीन पेडांच्या मधल्या फटीत तेवढाच मावतो.
तुमच्यात एका ठिकाणी मोठा मणी आलाय.
बस, एवढंच.

बाप आपले तळहात उलटेपालटे करून बघत राहिला.

मग त्यांनी सूक्ष्मदर्शकात काचपट्टी दाखवली.
केळीचा खांब आडवा चिरला की दिसतात
तशी वलयं, मधे नळी,
आणि वलयांत काळे ठिपके.
हे गवंडी, म्हणाले. बांधता बांधता
आपल्याच भिंतीत बुजून जातात.
मरत नाहीत. केसाहून बारीक वाटांनी
एकमेकांना बोटं लावून बसतात,
कुठे भार आला ते कळवतात.
आणखी एक जात असते, खणणाऱ्यांची,
जुनं खाऊन जागा करणारी.
मला खणणाऱ्यांचा राग आला नाही.
माझ्या अकराही सांध्यांवरचे उंचवटे
त्यांनीच तर तासले होते.

दोन्ही मांड्यांत सळया घातल्या तेव्हा
बाप खाटेशी बसून म्हणाला,
घड लागला का केळीले बांबू देतच असतेत, व माय.
त्यानंतर या विषयावर तो कधी बोलला नाही.
त्याच्या मनगटाची जुनी मोड
मला त्याला आंघोळ घालताना सापडली,
शेवटच्या आंघोळीला.

आज हेमराजच्या लेकीचं बारसं.
हेमराजचेही डोळे तसेच.
लग्नाआधी मी त्याला सगळं सांगितलं होतं,
तो म्हणाला, छापा की काटा, ताई, बघू.

आत्या मी. नाव मीच ठेवायचं.
पाळण्यात वाकले, सळया कुरकुरल्या,
कानाशी तोंड नेलं.
मागे बाया मुठी वळून उभ्या,
आत्याच्या पाठीत धपाटे घालायला,
आणि मुठी वरच थांबल्या.
बेबीकाकू तर हात पदरात लपवायला लागली.

मारा गं, मी म्हटलं. रीत आहे.

तेवढ्यात पोरीने डोळे उघडले.
निळसर. पण तान्ह्यांचं असतंच तसं, म्हणतात डॉक्टर,
काही महिने जाऊ द्या, मग कळेल.
मी नाव सांगितलं, कुर्र केलं,
आणि पहिला धपाटा पाठीत बसला, हलकाच,
पिकली केळी दाबून बघावी तेवढा.
त्यापेक्षा जोरात मारलं असतं
तरी चाललं असतं.