विनंती थांबा

हडर्सफील्डच्या या चढावर
थांबा म्हणजे एक खांब.
खांबावर पाटी, पाटीवर आकडे,
आकड्यांवर काचेच्या आतून चढलेलं शेवाळ.
वर छप्पर नाही, खाली फरशी नाही.
गवतात एक खळगा आहे,
माणसं उभी राहून राहून पडलेला.

मी एकतीस वर्षं एसटीत होते.
लातूर आगार, वाहतूक नियंत्रक, खिडकी आणि माईक.
औसा गाडी फलाट तीनला लागली की सांगायचे.
लागणार नसेल तर तेही सांगायचे,
शिव्या खायचे, पण सांगायचे.
इथे गाडी येत नाही
तीही गुपचूप.

म्हणून नातीकडून चौकटींची वही मागून घेतली.

मंगळवार. ७.४२ ची. ८.०७ ला आली.
बुधवार. आली नाही.
गुरुवार. आली. भरलेली. ड्रायव्हरने हात हलवला, थांबला नाही.
शुक्रवार. आली नाही. पुढचीही नाही.
त्यापुढचीचं माहीत नाही, मी चालत गेले.

शेजारच्या मॅव्हिस थ्वेट, वय त्र्याऐंशी,
नवऱ्याची घडीची खुर्ची घेऊन येतात,
तो कालव्यावर गळ टाकून बसायचा ती.
म्हणतात, काम तेच, मासा तेवढा मोठा.
मी त्यांना सांगितलं, आमच्या भाषेत
बस म्हणजे बस, बस म्हणजे खाली बस,
आणि बस म्हणजे पुरे झालं आता.
त्या म्हणाल्या, छान,
तिन्हींतली पहिलीच तेवढी येत नाही.

फेब्रुवारीत चर्चच्या हॉलमध्ये बैठक.
बिस्किटं होती, नकाशा होता,
नकाशावर आमचा चढ सपाट होता.
कौन्सिलचे साहेब सभ्य. म्हणाले,
प्रवासी कमी, म्हणून फेऱ्या कमी.
मला ते वाक्य घरचं वाटलं.
भारमान अल्प, असं मी स्वतः टाइप केलंय एकदा.
एका तांड्याची मुक्कामी गाडी त्या दोन शब्दांत गेली.
तिथली एक पोरगी दप्तर छातीशी धरून
महिनाभर खिडकीशी यायची,
बाई, आज लागली का?
मग यायची थांबली.
शाळेतही जायची थांबली असेल. मी विचारलं नाही.

मी उठले. वही उघडली.
आकडे मराठी, साहेबांना वाचता येईनात,
मग मीच वाचत गेले, अकरा आठवडे, तारीखवार.
तिसऱ्या पानाला मॅव्हिसबाई माझ्याबरोबर म्हणू लागल्या,
आली नाही.
पाचव्या पानाला रात्रपाळीचा तो उंच नर्स,
मग मागच्या रांगा,
पाढे म्हणावेत तसा अख्खा हॉल,
आली नाही. आली नाही.
साहेबांनी चष्मा काढून पुसला.
पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

जूनमध्ये छप्पर आलं.
बाक मागितला होता, मिळाली एक तिरपी पट्टी,
टेकता येतं, बसता येत नाही.
कुणी झोपू नये म्हणून, असं कळलं.
इथे झोपायला कोण येणार, एवढ्या वाऱ्यात?
संध्याकाळची एक फेरी वाढली, सव्वासातची.
रविवारचा रकाना अजून कोरा.
आणि एक उजळती पाटी लागली,
ती म्हणते तीन मिनिटं, मग दोन,
मग विझते, जणू काही बोललीच नव्हती.

काल संध्याकाळी ती अशीच विझली.
एक मुलगा धापा टाकत वर आला,
पाठीवर दप्तर, गुडघ्याला चिखल.
गेली का हो?
माझा घसा खाकरला, जुन्या सवयीने.
सांगितलं, नाही, अजून लागलेली नाही.
मॅव्हिसबाई पट्टीला टेकून बघत होत्या,
आता गुडघ्यांना उठणं जड जातं म्हणून.
खुर्ची रिकामी होती.
मी म्हटलं, बस.
त्याला शब्द कळला नाही, हात कळला.

७.१५ ची. ७.१९ ला आली.
चार मिनिटं उशीर.
लिहिलेत.