वरंब्याचा मुलगा

पाथरवट अक्षरामागे पैसे घेतो.
कार्नाच्या रस्त्यावर त्याची शेड, दाराशी ग्रॅनाइटची भुकटी,
आत रेडिओवर कुणीतरी बोटींच्या शर्यतीचा निकाल सांगतंय.
"रिज लिहायचं तर पाच," तो म्हणतो.
"फेस्टीच्या पेन्शनच्या पुस्तकात तेच होतं."

हो, पेन्शनच्या पुस्तकात. लायसनवर.
दवाखान्यातल्या मनगटाच्या पट्टीवर.
बॉस्टनहून भाऊही म्हणाला फोनवर, रिजच घाल नॅनसा,
माझ्या पोरांना वाचता तरी येईल.

पण घरात त्याला कुणी रिज म्हटलं नाही.
मॅक अन उमिरा. वरंब्याचा मुलगा.
दोन सऱ्यांमधली उंच माती, बटाट्याची.
खडकावर माती नव्हतीच मुळात,
पाठीवरच्या टोपलीतून समुद्राचं शेवाळ आणून, वाळू आणून
त्यांनी ती केली,
मग तिनं त्यांना नाव दिलं.
कुणा कारकुनाने ते ऐकलं, अर्थ विचारला,
अर्थ तेवढा वहीत ठेवून घेतला
आणि आवाज परत केला.

शाळेतले डिव्हेन मास्तर वेगळंच सांगायचे:
वरंबा-बिरंबा काही नाही, मूळपुरुष ईव्हार नावाचा,
उत्तरेकडून गलबत घेऊन आलेला लुटारू, पुढे अपभ्रंश झाला.
बाबा दोन्ही तळवे पुढे करायचा.
"बघा, वल्ह्याचे घट्टे कुठे पडतात नि फावड्याचे कुठे."
(तरी त्या रात्री त्याने मला हळूच विचारलं,
गलबत केवढं असेल गं?)

काल संध्याकाळी डोंगराकडे पाहत बसले.
दुपारी तिथे नुसतं गवत असतं.
ऊन आडवं झालं की ते उठून दिसतात,
पणजोबाच्याही आधीचे,
बटाटे काळे पडले त्या सालापासून
कुणी न पेरलेले, कुणी न मोडलेले वरंबे,
झोपलेल्या जनावराच्या बरगड्यांसारखे.

पाथरवट दगडावर दोरी ताणतो, खडू ओढतो.
एक रेघ. खाली दुसरी.
बाबाही अशीच ताणायचा मार्चमध्ये,
एक डोळा मिटून, दातांत खुंटी धरून,
आणि मधे बोललं तर चिडायचा.

"मग? पाच?"

मी एकेक अक्षर सांगते. तो बोटांवर मोजतो,
दोनदा थांबवून विचारतो, 'आय' इथे की नंतर.
निकाल संपून रेडिओवर हवामान लागलंय.

"बारा झाली," तो म्हणतो. बोटं पुन्हा एकदा बघतो.
"तीन शब्द आहेत ना. मधल्या जागांचे पैसे
मी घेत नाही."