सोळा केबी

वैशाख तोंडावर आणि डिस्क म्हणते, जागा नाही.
परशराम कडोलकरांनी दुपारभर पुसलं:
गेल्या हंगामातले व्हिडिओ, ड्रोनवरनं उतरवलेले मांडव,
शिनोळीच्या कुणा जावयाची चार तासांची वरात.
ऐंशी जीबी कचऱ्यात गेली
आणि आकडा जागचा हलला नाही.
"भूत हाय काय रे ह्यात?"
मला फोन.

शहापुरात, गल्लीच्या तोंडाला छापखाना.
खाली कटिंगचं मशीन, पोटमाळ्यावर सर्व्हर,
मीच बसवलेला. दोन डिस्क, एकीवर जे तेच दुसरीवर.
फाइलसिस्टीमचं नाव ऐकून मामा तेव्हा हसले होते:
"बटर? म्हणजे लोणीच की."
लोणी तर लोणी. त्यात दोन सबव्हॉल्यूम काढले,
एक मराठी, एक कन्नड,
दोघांना दारं वेगळी, स्नॅपशॉट वेगळे,
आत मात्र भिंत नाही.
जो पसरेल त्याची जागा.

कन्नड पत्रिका शिवलीला हिरेमठ जुळवते, मराठी मामा स्वतः.
तिच्या चौकटीतली आंब्याची पानं ह्यांनी उचलली
तरी पानं दुसऱ्यांदा लिहिली जात नाहीत.
डिस्क एवढंच टिपून ठेवते
की ह्या पानांकडं आता दोघं बोट दाखवतात.
गणपती एकच. कलश एकच.
साडेचारशे लग्नं त्याच कलशावर लागली.
बदलतात ती अक्षरं,
आणि तीही जुन्यावर गिरवली जात नाहीत,
बाजूला कोऱ्या जागेत उतरतात.
जुनं तिथंच राहतं,
कुणीतरी त्याचं नाव घेतंय तोवर.

नाव घेणारे मीच नेमलेत,
रोज रात्री अकराला एक.

"तुम्ही पुसलंत ते आजच्यातनं, मामा.
कालच्याला अजून आठवतंय."
"मग कालला पुस की."

काल पुसला. परवा पुसला.
मार्च गेला, फेब्रुवारी गेला,
जानेवारी गेल्यावर एकदम साठ जीबी सुटली,
मामांनी मांडीवर थाप मारली.
मी यादी आणखी मागं सरकवत होतो
आणि त्यांचं बोट पडद्यावर टेकलं.
तीन वर्षांपूर्वीची एक तारीख.
मराठीत एक, कन्नडमध्ये एक.

आजच्यात नसलेलं एकच फोल्डर त्यात:
चि. सौ. कां. मृणाल कडोलकर,
आणि गोकाकचे चि. वीरेश.
शिवलीलाच्या भागात तेच, मुलाकडची नावं आधी.
टिळकवाडीतला हॉल ठरला होता.
छपाईला जायच्या आदल्या दिवशी मोडलं.
कशावरनं, ते मी तेव्हाही विचारलं नाही.
मामांनी त्याच रात्री पुसलं होतं,
पण अकरा वाजून गेल्यावर.

"हे किती जागा खातंय?"
मोजलं. पानं सगळ्यांची, कलश सगळ्यांचा.
दुसरं कुणीच ज्याच्याकडं बोट दाखवत नाही
असं फक्त ह्यांचंच म्हणून
दोन्ही मिळून सोळा केबी.
दोन नावं, दोन बाप, एक मुहूर्त,
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत
आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं.

"सोळा केबी म्हणजे काय मावतंय?"
"काही नाही. एक धड फोटोसुद्धा नाही."

खालनं शिवलीलाची हाक आली, "ऊटा आतेन्री?"
"इन्नू इल्ल," मामा म्हणाले. अजून नाही.
मग माझ्याकडं न बघता,
"पुस. दोन्हीकडचं."

कमांड लगेच परत येते, तिची रीतच तशी.
झालं म्हणते,
आणि खरं पुसणं मागं चालू राहतं, सावकाश,
एकेक धागा कुणाकुणाचा आहे बघत.
मामा आकड्याकडं बघत उभे.
"गेलं काय?"
"जातंय."

त्यांनी चपला शोधल्या.
उद्या लवकर ये म्हणाले,
हलग्याच्या पाटलांची पत्रिका अडकलीय.