वाढपी

भोसरीच्या शेडमध्ये चौसष्ट पंखे.
मी त्यांना कुरकुरण्यावरून ओळखतो.
सतरा नंबरचं बेअरिंग गेलंय,
एकतिसाव्याचं एक पातं वाकलंय,
कुणीतरी शिडी नेताना धडकवलं होतं.

साथ आली तेव्हा बाणेरच्या ऑफिसातून निरोप आला :
पंखे बंद.
उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना
पत्र्याखालचा एप्रिल काय माहीत.
दुपारी एकला
टेपचा गोंद वितळून बोटांना चिकटायचा,
आणि एकेक मास्क
नाकावरून ओठांवर, ओठांवरून हनुवटीवर
जिना उतरावा तसा उतरत गेला.
दोनशे दहा बायका, दोनशे दहा हनुवट्या.
चार नंबरच्या टेबलावरची विजयमाला गवारे
हातातल्या वायरींच्या जुडीसकट खाली बसली.

दातीर साहेब म्हणाले, तुला काय कळतं हवेतलं, तू वायरमन.
खरंच होतं.
मला करंट कळतो. तोही दिसत नाहीच,
म्हणून तर टेस्टर लावतो.
हवेला कुठला टेस्टर?

रात्रपाळीआधी, रिकाम्या शेडमध्ये
मोगऱ्याची उदबत्ती पेटवून निघालो,
टेबल एक ते टेबल बावन्न.
वॉचमन घोलप दारातून बघत होता,
त्यानं चपला काढल्या.
म्हटलं, पूजा नाही रे बाबा,
तोंड कुठे आणि धूर कुठे, एवढंच बघतोय.

वरचे पंखे दोनवर, खिडक्या बंद :
धूर बाहेर जाईना,
सगळ्या टेबलांवरून फिरून
पुन्हा माझ्याच नाकाशी.
म्हणजे पंखा आचारी नाही, वाढपी आहे.
पातेल्यात असेल तेच पंगतीला वाढणार,
उष्टं असेल तर उष्टं.
माझी आई एकाच्या ताटातलं शीत
दुसऱ्याच्या ताटात पडू द्यायची नाही,
आणि इथे नऊ तास
एकीच्या तोंडची हवा दुसरीला,
आग्रह करकरून.

पूर्वेची शटरं उघडायला
रॉकेल, हातोडी आणि घोलपचा भाचा लागला.
पश्चिमेच्या एक्झॉस्टवर कुणीतरी
'गुणवत्ता हीच आमची ओळख' असा फलक ठोकलेला,
मागून कबुतरांनी काड्या भरलेल्या.
फलक काढला. पातं हातानं ढकललं.
धूर जरा थबकला,
मग रांग लावून बाहेर पडला,
नेहरूनगरच्या दिशेला.

आता वरचे पंखे परत लावले, हळू.
पॅकिंगवरचे दोन उलटे फिरवले, वर ओढणारे.
राहिला एकच, उभा, गळ्याइतका उंच,
साहेबांच्या टेबलामागचा.
त्याच्यापुढे उदबत्ती धरली तर
पहिल्या खुर्चीपासून बाराव्या खुर्चीपर्यंत
धूर सरळ, ओळंबा आडवा धरल्यासारखा.
वारा येईल तशी पाठ द्यावी म्हणतात.
इथे खुर्च्या जमिनीला बोल्ट केलेल्या.
मी त्याचा प्लग काढून खिशात टाकला.
साहेब आठवडाभर स्टोअरला अर्ज लिहीत होते.

साथ गेली की नाही, कुणी नीट सांगितलं नाही.
विजयमाला परत आली, चार नंबरवरच,
हात थोडा हळू चालतो.

एकदा डब्याच्या सुट्टीत शाहीन बागवान
माझ्या शिडीखाली येऊन थांबली.
भाऊ, लांडेवाडीत आमची एकच खोली.
सासऱ्यांना खोकला.
माणसं पाच, पंखा एक, दार एक, खिडकी नाही.
कितीवर लावू?

मी खाली उतरलो.
म्हटलं, दार उघडं ठेवा.
म्हणाली, समोर गटार आहे, रात्री मच्छर.
मागच्या भिंतीला एखादं भोक?
त्या भिंतीपलीकडेही एक खोली आहे, भाऊ.
तिथे सहा जण.

खिशात हात घातला.
साहेबांचा प्लग, आणि उदबत्तीचा अर्धा तुकडा.
तुकडा तिला दिला.
रात्री लावून बघा, म्हटलं,
धूर कुठे जातो ते उद्या सांगा.