शिंक

नंदनवनच्या टिनाच्या शेडात
मे महिन्यात सहालाच बार तापतो.
ढोके सरांनी आज माझ्या बारवरून
दोन्हीकडच्या लाल प्लेटा काढल्या.
म्हटलं, सर, नव्वद उचलते मी.
"उचलते तू. पण कुथून कुथून.
बसलेली म्हैस उठते तशी."
पोट्टे हसले.

चाळीसावर आले.
तीनच वेळा, पण सुसाट.
बार जरा रेंगाळला की सेट बंद.
दमायच्या आधीच थांबायचं,
मला तर ते कामचोरीसारखं वाटलं.

बाबा कळमन्यात मिरचीची पोती वाहतात.
रात्री सांगितलं त्यांना.
ते सदरा झटकत होते, खकाणा उडाला
आणि शिंक आली,
टाचेपासून आलेली,
ओट्यावरची झाकणी वाजली.
मग नाक पुसत म्हणाले,
"पोतं उचलत नसतात, माय.
पोत्याले मालूम पडाच्या आत
त्याच्या खाली घुसा लागते."
चाळीस वर्षांत त्यांनी
हे कुणालाच सांगितलं नव्हतं.
कुणी विचारलंही नव्हतं म्हणा.

सकाळी पुन्हा चाळीस.
टाचा जमिनीत, पाठ ताठ,
हात नुसते दोर.
गुडघ्यापर्यंत सावकाश,
आणि मग
अंगभर ती शिंक.

बार मांडीला चाटून सुटला.
वर, छातीच्या जवळपास कुठंतरी
तो कुणाचाच नव्हता,
जमिनीचा नाही, माझा नाही.
तेवढ्यात मी खाली होते,
हात सरळ, डोळे कूलरवर.

"बस आता पाच मिनिटं," सर म्हणाले.
बसले.
तळव्यांवर खडूची भुकटी,
आणि नाकात अजून
बाबांची मिरची.