निरंक

पुढील सात दिवस, सांगली जिल्हा:
हवामान कोरडे. आकाश निरभ्र.
पूर्वेकडच्या तालुक्यांत वारा जवळजवळ नाही.
विशेष बदल संभवत नाही.

वाक्य माझं नाही, वरून येतं.
मी ते फक्त फळ्यावर खडूने उतरवते
बीजगुणन केंद्राच्या फाटकाशी,
कवठेमहांकाळहून ढालगावकडे जाताना,
जिथे थांबून वाचणारं कुणी नसतं
एक दूधवाला सोडला तर,
आणि तोही थांबतो फळ्याच्या सावलीसाठी.

साडेआठला पर्जन्यमापक उघडायचा.
नरसाळं उचलायचं, बाटली उजेडात धरायची.
सोमवारी तळाशी एक मुंगळा.
मंगळवारी तोही नाही.
वहीत: निरंक.

ही सवय मला बाबालाल मुजावरांनी लावली.
निवृत्त होऊन मिरजेला गेले,
पण पावणेनऊला फोन येतोच.
"किती?"
"निरंक."
"जाऊन बघितलंस?"
त्यांच्याही आधी इथे एकजण होता
जो मे महिन्यात घरी बसूनच निरंक लिहायचा,
पुढच्या आठवड्याचंसुद्धा, एकाच शाईत, एकाच बैठकीत.
एका पहाटे वळीव आला. दोन-अडीच मिलिमीटर असेल.
मुजावर तेव्हा शिपाई होते, त्यांच्या अंगावर पडला.
"तो पाऊस, पोरी, कुठंच नाही.
पुण्यात नाही, दिल्लीत नाही.
माझा सदरा वाळला आणि संपला."

बुधवार. पवनमापकाच्या तिन्ही वाट्या थांबलेल्या,
एकीवर कोतवाल बसलाय, शेपटीची कात्री उघडून.
पठारावर पवनचक्क्यांची अख्खी रांग
हजेरी संपली तरी एक हात वर तसाच.
बेदाण्याच्या शेडची हिरवी जाळी हलत नाही,
रॅक केव्हाच रिकामे झाले,
गंधकाचा वास मात्र अजून भाड्याने राहतोय.
वाऱ्याच्या रकान्यात शब्द ठरलेला: शांत.
दिशेच्या रकान्यात नुसती रेघ.

दुपारी हिराक्का कुंभारणीचा फोन.
"मॅडम, रातच्याला वारं सुटंल का वो? आवा लावायचाय."
म्हटलं, नाही सुटणार.
"नक्की?"
नक्की हा शब्द आमच्याकडे नाही.
आमच्याकडे शक्यता असते, बहुतांशी असते,
तुरळक ठिकाणी असतं.
म्हटलं, लावा.

संध्याकाळी अग्रणीच्या कोरड्या पात्रापलीकडे धूर निघाला,
ओळंबा उलटा सोडावा तसा सरळ.
त्या रात्री मी तीनदा उठले,
खिडकीला चिकटवलेला कागद हलतोय का बघायला.

गुरुवारी बाष्पीभवन अकरा मिलिमीटर.
शुक्रवारी चौदा.
ऊन तेच, वारा नाहीच, मग पाणी गेलं कुठे?
डबा तसाच ठेवून निंबाखाली बसून राहिले,
तर पात्रावरच्या जाळीच्या फाटक्या कोपऱ्यातून
आधी साळुंक्या, मग दोन बुलबुल, एक खार,
आणि सगळे गेल्यावर, साहेबासारखा, कोतवाल.
तहान कुठल्या रकान्यात लिहायची
हे नियमावलीत दिलेलं नाही.

जाळी तारेने शिवून टाकली.
शेजारी परात ठेवली, काठोकाठ.
तिची पातळी मी मोजत नाही.

शनिवारी दूधवाल्याच्या हाती एक मडकं आलं,
एका अंगाला जरा काळं पडलेलं.
"वारं न्हवतंच, जाळ मीच जादा केला,"
असा हिराक्काचा निरोप.

रविवार. बाटली उजेडात धरली.
काचेत उलटं फाटक, उलटा फळा,
त्यावरचं कोरडे हे अक्षरही उलटं.
पावणेनऊला फोन.
"किती?"
"निरंक."
"जाऊन बघितलंस?"
"बघितलं. परातीतलं पाणी तेवढं संपलंय."
वाटलं, हसतील.
थोडा वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले,
"लिहून ठेव कुठंतरी."