कडुनिंबापासून सात फूट

अर्ज क्रमांक चारशे बारा.
"रास्ता पेठेत, गिरणीच्या बोळात
साठ मीटर खोदाई करावयाची आहे.
तरी जमिनीखाली आपले काय आहे
ते कळवावे, ही विनंती."

आपले काय आहे.
हे वाक्य मी दिवसातून वीसदा वाचते
आणि वीसदा पुढच्या टेबलावर सरकवते.

वीजवाल्यांनी कळवलं, केबल आहे, खोली निश्चित नाही.
गॅसवाल्यांनी नकाशा पाठवला, तत्परतेनं,
शेजारच्या बोळाचा.
टेलिफोनवाले म्हणाले, तांब्याची तार होती,
असलीच तर मेलेली असेल.
ड्रेनेजचं उत्तर आलं नाही,
म्हणून मीच तळघरात उतरले,
मेणकापडावरचा नकाशा उलगडला.
घड्यांवर फाटलेला, शाई उडालेली,
कोपऱ्यात मात्र कुणाचं तरी सुबक अक्षर:
"नऊ इंची लाइन. कडुनिंबापासून सात फूट, पूर्वेस."

बोळात कडुनिंब नाही.
मोबाइलचं दुकान आहे, गिरणी आहे,
बिनचाकाची एक लुना आहे.
पाइप शोधायच्या आधी
मला झाड शोधायचं होतं.

झुंबर लोखंडे, पाणीपुरवठ्याचे चावीवाले,
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
फोन केला की येतात अजून,
रिक्षाचे पैसे घेत नाहीत, चहा दोनदा घेतात.
"यंत्र आणलंय?"
आणलं होतं. बाबागाडीसारखं, चार चाकांचं,
ढकलत नेलं की पडद्यावर कमानी उमटतात,
जिथं जिथं खाली काही निजलंय तिथं.
"झ्याक आहे," म्हणाले अण्णा,
आणि चप्पल काढून डांबरावर चालू लागले.

"पहाटे चारला यायचं होतं, पोरी.
पाणी सुटतं तेव्हा.
सळई टेकवून कान लावला की तेच सांगतं,
कुठून निघालंय, कुणाकडं चाललंय."

झाड शेवटी शब्बीरभाईंनी दाखवलं.
पिठाचे हात झटकत गिरणीबाहेर आले,
"हे इथं. बापानं खिळा ठोकून काटा टांगला होता त्याला."
इथं म्हणजे एक खळगा.
दरवर्षी डांबर ओततात, दरवर्षी बसतं.
"मूळ कुजतंय अजून," अण्णा म्हणाले.

खळग्यापासून सात फूट, पूर्वेस.
कमान आली.
मी हिरवी रेघ मारली, थोडी वाकडी.
मग, हातभर पुढं, दुसरी कमान.
बारीक, उथळ,
कुठल्याच नकाशात नसलेली.
यंत्र मागं घेतलं, पुन्हा ढकललं. होती.
अण्णा खाली बसले, तळवा टेकवून राहिले बराच वेळ.
"हे माझ्या वेळचं नाही."
चहा निवला.

जेसीबीवर रामसजीवन
बकेट उचलून तासभर थांबला होता.
ठेकेदाराचे तीन फोन येऊन गेले.
मला वाटलं, आता हा हॉर्न मारणार.
त्यानं इंजिनच बंद केलं, खाली उतरला,
बकेटचा डावीकडून दुसरा दात दाखवला मला:
टोकाशी वितळलेला, काळा.
"मागच्या साली. तेव्हाही कागदावर काही नव्हतं."
आणि टपावरून फावडं काढलं.

फॉर्म भरायला बसले उंबऱ्यावर.
आढळलेल्या वाहिन्या: दोन.
मालक: एकीचा ड्रेनेज. दुसरीचा
कुणीही नाही.
शेरा: हातानेच खोदावे.
अक्षांश-रेखांश लिहिले दशांशाच्या सहा घरांपर्यंत,
पण साहेबांना हवा तो रकाना खाली असतो,
त्यावर छापलेलं असतं, "खूण."

मी इकडंतिकडं पाहिलं.
लुना उद्या कुणी उचलेल.
मोबाइलवाल्यानं पाटी तर या महिन्यातच बदललेली.
"शब्बीरभाई, गिरणी आहे ना?"
"दिवाळीपर्यंत आहे," ते म्हणाले,
"मग बिल्डरची."

मी लिहिलं तरीही,
गिरणीच्या उंबऱ्यापासून अकरा फूट,
सुबक अक्षरात.